द्रौपदाअक्कांचं फ्रान्समधलं भाषण

द्रौपदाअक्कांनी दोंडाईच्याबाहेरचं जग फारसं पाहिलेलं नव्हतं. धुळे पाहिलं ते दवाखान्यापुरतं आणि नागपूर दीक्षाभूमीपुरतं. मागच्या वर्षी मात्र बाई उठल्या आणि थेट फ्रान्सला जाऊन आल्या. त्यांचा मुलगा आकाश तिथे टायरच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. शहरात घरभाडं परवडत नाही म्हणून तो डोंगरातल्या एका खेड्यात राहतो. त्या गावाचं नाव अक्कांना अजून नीट घेता येत नाही, आणि मला तर त्यांच्याइतकंही येत नाही.

आम्हा दोघींचं आयुष्य गौतमचंद शेटच्या मिरचीच्या पथारीवर गेलं. माळावर लाल मिरची वाळत घातलेली असते, तिच्याकडेला बसून देठ खुडायचे. हाताची आग ताकात बुडवूनही जात नाही. त्याच हातांनी अक्कांनी पोराला शिकवलं, नवरा लवकर गेला तरी.

आल्यावर त्या गावाचं वर्णन मी इतक्यांदा ऐकलं की मलाच वाट सापडेल. खाली नदी, वर थंड पडलेल्या ज्वालामुखीचा डोंगर आणि मधे काळ्या दगडाची घरं. दगड थेट आपल्याकडचाच, अक्का हात लावून आल्या. छपरंसुद्धा दगडाच्या फरश्यांची. चर्चसमोर शंभर वर्षांमागच्या लढाईत मेलेल्या पोरांच्या नावांचा खांब आहे. एकाच घरची दोन-दोन, तीन-तीन नावं. गावाची पाव भाजायची एक सामाईक भट्टी आहे, आणि झऱ्यावर छप्पर घातलेला धुण्याचा हौद. आता तिथे कुणी धुणं धूत नाही. पोरं शहरात गेली, शाळा बंद पडली, निम्म्या घरांना कुलपं. तरी उरलेल्या म्हाताऱ्यांनी हौद घासूनपुसून ठेवलाय, कडेला फुलं लावलीत. आमच्याकडे असता तर त्यावर कधीच दुकानाचे गाळे निघाले असते.

सप्टेंबरात ते लोक आपल्या जुन्या वास्तूंचा दिवस साजरा करतात. सगळं गाव हौदापाशी जमलं. म्हाताऱ्या बायांनी सांगितलं की आमच्या आया बर्फाच्या पाण्यात गुडघ्यावर बसून इथे धुणी धूत. मग पाहुणीलाही विचारलं, तुमच्या गावात पाणी कुठून यायचं, बाया कुठे धुवायच्या? आकाश फ्रेंचमध्ये सांगायला शेजारी उभा राहिला.

अक्कांनी आधी आढेवेढे घेतले, मग जे होतं ते सांगितलं. लहानपणी नदीवर आमची जागा खालच्या अंगाला होती. वरच्यांचं धुऊन उरलेलं गढूळ पाणी आमच्याकडे यायचं. बाबासाहेबांनी आम्हाला माणूस केलं, म्हणून मिरचीचे देठ खुडून मी पोराला शिकवलं. आकाशनं फ्रेंचमध्ये सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, अक्कांनीही वाजवल्या.

भाषा कळत नसली तरी नाव कळतंच. घरी जाताना गाडीत अक्का पोराला एवढंच म्हणाल्या, "तुन्या बोलामा बाबासाहेबस्नं नाव उनं नही."

त्यानं रस्त्यावरून नजर हलवली नाही. मग म्हणाला, "आपला मिरचीना येपार शे, असं सांगं मी." तिथे राहायला गेला तेव्हाच त्यानं शेजाऱ्यांना घरचा मिरचीचा व्यापार आहे असं सांगून ठेवलं होतं. आता ते मागे कसं घेणार? शिवाय त्या लोकांना हे सगळं कुठून समजणार, असंही तो म्हणाला.

हे अक्कांनी मला एकटीला सांगितलं, डोळे वर न करता. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, लावा फोन, चांगली खरडपट्टी काढते. त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "सविता, त्याले मनी लाज वाटनी. मी त्याले काय शिकाडं मंग?" पोराला आईचीच लाज, हे ऐकून मी फोनचा विषय सोडला.

पुढच्या रविवारी विहारात बायांनी अक्कांना घेरलं. फ्रान्समधे बोललीस म्हणे, काय बोललीस? अक्कांनी सगळं भाषण सांगितलं. कुणीतरी विचारलं, आकाशनं त्या लोकांना बाबासाहेबांबद्दल काय सांगितलं? अक्का उठल्या. मग बाबासाहेबांच्या फोटोसमोर उभ्या राहून म्हणाल्या, सांगितलं, सगळं सांगितलं. वजन वाढावं म्हणून देठासकट एक मिरचीसुद्धा खुडलेल्या ढिगात न लपवणारी ही बाई. मला लाज वाटली, कुणाची ते नीट ठरवता येईना, म्हणून मी सतरंजीचे दोरे उपटत बसले.

डिसेंबरात आकाश गावी आला. लगेच विहारात सत्कार ठरला. महिला मंडळाच्या दिपमालानं भाषणात सांगून टाकलं की आपल्या आकाशनं परदेशात बाबासाहेबांचं नाव गाजवलं. आकाशनं झटकन आईकडे पाहिलं. आपल्यामागे आई इथे काय बोलली, हे त्याला तेव्हाच कळलं. त्याचा चेहरा उतरला. तेवढ्यात दिपमाला म्हणाली, तिथे बोललास तसंच फ्रेंचमध्ये म्हणून दाखव, पोरांना ऐकायचंय.

तो माइकची वायर उगीच सरळ करत राहिला. पोरं हसायला लागली. मग तो बोलू लागला. फ्रेंच मला ओ की ठो कळत नाही, आणि तिथे कुणालाच कळत नव्हतं. तो काहीही बोलला असता तरी खपलं असतं. पण मी कान देऊन ऐकत होते. गौतमचंद शेटचं नाव आलं. मग बाबासाहेबांचं आलं, पुन्हा आलं. शेवटी "द्रौपदाबाई" म्हणाला आणि त्यानं माइक खाली ठेवला. विहार टाळ्यांनी दणाणला. अक्कांनी टाळी वाजवली नाही.

तो खाली उतरून सरळ आईच्या पायाशी वाकला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मी शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं.

"आठे सगळास्ले माहीतच शे, पोरा. तठे सांगनं व्हतं."