इत्तोच्या घरची अळणी भाकरी

हद्दूची माती झाली, म्हणून आता हे बोलायला हरकत नाही. तो होता तोवर इत्तोनं तोंड उघडलं नव्हतं. का नव्हतं, ते पुढं येईलच.

आमच्या ताझरूत गावात इत्तोचं घर सगळ्यात शेवटी, ओढ्यापलीकडं. त्या घरात मीठ पडत नव्हतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. जवाची भाकरी अळणी, मसुराचं कालवण अळणी. लग्नाकार्याला बोलावलं तर यायचे, टाळ्या वाजवायचे, पण ताटाला हात न लावता परत जायचे. आता तुम्हीच सांगा, माणसाला मिठावाचून घास उतरतो होय? मीठ चालत नाही ते विहिरीच्या लोकांना, माणसाचं रूप घेऊन फिरणाऱ्या त्या पाण्याच्या जातीला. आणि हे काही ऐकीव नाही हो. मागं एका उन्हाळ्यात कल्हईवाला आला होता, हसरा, गोड गळ्याचा. फाद्माकाकूनं त्याला जैतुनाची खारवलेली फळं दिली. त्यानं भिडेखातर एक तोंडात टाकलं आणि बघता बघता त्याचे पाय ओले झाले, मग गुडघे. शेवटी उंबऱ्यावर नुसतं डबकं आणि त्यात त्याची टोपी. काकूनं त्या दिवसापासून पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी मीठ विचारायला सुरुवात केली.

थंडीत विहिरी गोठल्या की ते लोक ऊब शोधत वर येतात आणि सापडेल त्या जित्या माणसाला घेऊन जातात. म्हणून पहिल्या बर्फाआधी अख्खं गाव डोंगरावरच्या गडकोठारात, तटबंदीच्या धान्यकोठारात, राहायला जातं. दाराशी कोठारी हद्दू उभा असायचा, तळहातावर मीठ घेऊन. एक चिमूट जिभेवर ठेवायची आणि आत जायचं, लहानथोर सगळ्यांनी. इत्तोचं घर मात्र कधी गेलं नाही. आजा गेला नाही, बाप बस्सू गेला नाही, आई यामनाही नाही. जाड भिंतीआड आग पेटवून हिवाळा काढायचे.

"बाहेर राहून जगतात कशी ही माणसं? कुठंतरी पाणी मुरतंय बरं का," लोक म्हणायचे.

एका हिवाळ्यात यामना सरपणाला दाराबाहेर गेली ती परत आलीच नाही. बर्फ वितळल्यावर फाद्माकाकू पाणवठ्यावर म्हणाली, "गेली असेल माहेरी, विहिरीत." बाया हसल्या. इत्तो तिथंच घागर भरत होती. तिनं अर्धी भरलेली घागरच उचलली आणि घरी आली.

बरं, लोकांचं सोडा. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पण इत्तोच्या मनात स्वतःबद्दलच पाल चुकचुकायला लागली होती. घाम आला की ती दचकायची. तळहात ओले दिसले की फडक्यानं खसाखसा पुसायची. आपण कोण आहोत? बाप कोण आहे? रोज संध्याकाळी तो आजाचा सुरा दगडावर घासतो, एक बोकड कापत नाही, मग घासतो कशाला? ती झोपेचं सोंग घेऊन त्याच्याकडं बघत राहायची. विचारलं तर बस्सूचं एकच उत्तर असायचं, "आपल्याला सोसत नाही मीठ. जेव गुपचूप."

एकदा तिनं फाद्माकाकूला गाठलंच. "काकू, आम्ही विहिरीचे आहोत हे तुला सांगितलं कोणी?"

"मला? अगं, ते मेलं सगळं गाव म्हणतंय."

"गावाला कोणी सांगितलं?"

काकू जरा घुटमळली. "हद्दूबाबा म्हणाले होते. जाणता माणूस, उगाच कशाला बोलेल?"

इत्तोनं आणखी दोघींना विचारलं. फिरून फिरून गोष्ट हद्दूशीच यायची. आणि हद्दू म्हणजे कोण, तर गावातल्या मिठाचा धनी. खाणीतून खडे त्याचीच खेचरं आणायची, तोच फोडून घरोघर वाटायचा. एवढा दिलदार माणूस एका घराच्या मागं का लागतो?

त्या वर्षी थंडी लवकर उतरली. इत्तोनं बापाला सांगून टाकलं, "बाबा, मी उद्या कोठाराच्या दाराशी जाणार. मीठ खाणार. विरघळले तर विरघळले. सरपणाला जाताना आईसारखी नाहीशी होण्यापेक्षा बरं."

बस्सूच्या हातातला सुरा थांबला. "तू विरघळणार नाहीस," तो म्हणाला.

"तुला काय ठाऊक?"

"आपण माणसंच आहोत, पोरी."

मग त्यानं सांगितलं. त्याच्या चुलत्याला या गावच्या एका माणसानं खिंडीत मारलं होतं. आजा इथं आला तो त्या खुनाचा सूड घ्यायला. पण आपल्याकडचा कायदा तुम्हाला ठाऊकच आहे: ज्याच्या हातचं मीठ खाल्लं त्याच्यावर हात उचलायचा नाही, त्याच्याविरुद्ध जीभही उचलायची नाही. खाल्ल्या मिठाला जागायचं. आजानं मीठ सोडलं, बस्सूनं सोडलं, लग्न होऊन आल्यावर यामनानंही नवऱ्यासाठी सोडलं.

"कोणी मारलं?" इत्तोनं विचारलं.

"नाव कळलं की तूही त्यात बांधली जाशील."

इत्तोला असा राग आला म्हणता! "म्हणजे आईला चिमूटभर मीठ खाऊ दिलं असतंस तर ती आज जिवंत असती! आजानं मारलं नाही, तू मारलं नाहीस, नुसता सुरा घासतोयस. सूड घ्यायची छाती नाही आणि सोडायची दानत नाही तुझ्यात!"

बस्सू पुन्हा सुरा घासायला लागला. पोरगी खरंच बोलत होती. पण इत्तोचा त्याच्यावर विश्वासही पुरता बसला नव्हता. हे सगळं रचलेलं असलं तर? पोरीनं स्वतःलाच भिऊ नये म्हणून त्यानं थाप मारली असली तर?

दुसऱ्या दिवशी ती डोंगर चढली. मागं काही अंतरावर बाप होताच. तिला बघून रांग फुटली. बायांनी पोरं पदराखाली घेतली. कोणी म्हणालं, "बाजूला व्हा, भिजाल!" हद्दूनं तळहात पुढं केला. इत्तोनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. सगळं गाव मागं सरकलं होतं, हा एकटाच म्हातारा पुढं वाकला होता. त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती, आशा होती. खा बाई, एकदाची खा. त्यानं तळहात आणखी पुढं सरकवला.

कोणी मारलं, आणि आपण याचं मीठ खावं म्हणून हा इतका आतुर का, ते तिला त्या क्षणी कळलं.

मागं फिरायला अजून वेळ होता. तिला आईचा रिकामा कोपरा आठवला आणि तिनं चिमूट उचलून जिभेवर ठेवली. तिचं अंग आवळलं, डोळ्यांतून पाणी आलं. बस्स, एवढंच. पाय जिथल्या तिथं कोरडे होते.

"माणूस आहे गं बाई!" फाद्माकाकू ओरडली आणि चक्क तिच्या गळ्यात पडली. हद्दूनं एवढा मोठा श्वास सोडला. मग त्यानं तोच हात बस्सूपुढं केला. "आता तू, बस्सू."

बस्सूनं नकारार्थी मान हलवली.

गावात चुळबुळ सुरू झाली. पोरगी माणूस, मग बाप का खात नाही? तिलाही आता आत घ्यायचं की नाही? कोणीतरी दगड उचलला. बस्सूनं पोरीकडं एकदा पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाला, "मी विहिरीचा आहे. हिची आई माणूस होती. पोरगी आईवर गेलीय. हिला आत घ्या."

फाद्माकाकूचा हात कमरेच्या मिठाच्या पिशवीकडं गेला. फेकलं असतं तर बस्सू विरघळला नसता आणि सगळं उघड झालं असतं. पण हद्दू घाईनं म्हणाला, "राहू द्या. जातोय तर जाऊ द्या. उगाच मीठ कशाला वाया घालवता?"

इत्तोनं तोंड उघडलं. हद्दू तिच्या कानाशी वाकला. "माझं मीठ अजून तुझ्या जिभेवर आहे, पोरी."

तिनं तोंड मिटलं. बस्सू पाठ फिरवून उतरणीला लागला.

तो हिवाळा इत्तोनं गडकोठारात काढला. तिला आईच्या नावानं खोली मिळाली, हक्काचं मीठ मिळालं, शेजारणी तिला ताटात वाढू लागल्या. ती रोज सकाळी तटावरून ओढ्यापलीकडं बघायची. आपल्या घराचा धूर दिसला की खाली यायची आणि कामाला लागायची. मग एका सकाळी धूर दिसला नाही. ती दिवसभर तिथंच उभी राहिली. संध्याकाळी काकूनं तिला हाताला धरून खाली आणली.

आता इत्तोच्या घराण्याबद्दल गावात कोणाला शंका उरलेली नाही. बाप विहिरीचा, आई माणूस, पोरगी आईवर गेलेली. शंका आहे ती एकट्या इत्तोला, आणि तीही स्वतःचीच. त्या दिवशी दाराशी आपण गप्प राहिलो ते हद्दूच्या मिठाला जागून, की आईसाठी बापाला शिक्षा द्यायची होती म्हणून? परवा तिनं हे मला विचारलं. मी म्हटलं, मिठामुळंच गं, दुसरं काय? तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं.