गोगलगायींचे दहा दिवस

मावशींनी जन्मात मुंगीवर पाय दिला नसेल, पण गोगलगाय दिसली की त्यांचं टाळकं फिरायचं. रोपवाटिकेत तीस वर्षं त्यांचं सकाळचं पहिलं काम एकच : कुंड्यांखालच्या गोगलगायी वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. बोटांना लागलेला तो चिकटा कितीही घासला तरी जेवताना आठवायचा. आणि सून मिळाली ती नेमकी गोगलगायी आवडीनं खाणाऱ्या घरातली! "माझ्या स्वयंपाकघरात ती घाण शिजणार नाही," मावशींनी लग्नाआधीच बजावलं होतं. पोरीनं चार वर्षं ते मुकाट पाळलं.

मग सहाव्या महिन्यात तिचं पोटातलं बाळ गेलं आणि तिची अन्नावरची वासनाच उडाली. मुलगा बिचारा रोज काहीबाही घेऊन यायचा. ताट तसंच परत जायचं. दोन महिन्यांत ती निम्मी झाली. नातवंड गेलं, आता ही पण हातची जाते की काय, या धास्तीनं मावशींची झोप उडाली. एका दुपारी त्या तिच्या उशाशी बसल्या. "काय खावंसं वाटतं? काहीही सांग."

ती म्हणाली, "तुम्हाला चालायचं नाही ते."

मावशी काय ते समजल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रोपवाटिकेच्या मागच्या कुंपणातून डबाभर गोगलगायी आणल्या. तिथं औषध फवारत नसत. त्यांना दहा दिवस नुसतं पीठ घालायचं, रोज धुवायचं, पोट साफ झालं की शिजवायचं, असं सुनेनं पडल्या पडल्या सांगितलं. मावशींनी नाक मुरडत दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी धुताना हात सवयीनं मिठाच्या बरणीत गेला. पाण्यावर फेस आला, सगळ्या गोगलगायी मेल्या, तेव्हा कुठं त्या भानावर आल्या.

सून दारात उभी होती. "नको होतं तर तसं सांगायचं ना, आई," एवढंच म्हणून ती परत जाऊन पडली.

"अगं, सवयीनं झालं गं! जळो माझा हात!" मावशी रडकुंडीला आल्या. स्वतःचा एवढा राग त्यांना कधीच आला नव्हता. त्याच संध्याकाळी त्या पुन्हा डबा घेऊन कुंपणाशी गेल्या.

या खेपेला सुनेनं त्यांना हातच लावू दिला नाही. "तुम्ही लांब बसा." रोज ती उठायची, भिंत धरत मोरीत जायची आणि एकेक गोगलगाय धुवायची. मावशी लांबून बघायच्या. उठतेय, हे काय थोडं होतं?

दहाव्या दिवशी लसणाचा वास घरभर सुटला. सुनेनं वाडगं मधे ठेवलं आणि हात मांडीत घेऊन बसली.

"खा ना गं."

"तुम्हाला किळस येते. तुमच्यासमोर घास नाही उतरत."

मावशींनी डोळे मिटून एक तोंडात टाकली आणि कशीबशी चावली. मग डोळे उघडले. चांगली लागत होती की! दुसरी त्यांनी सुनेच्या समाधानासाठी घेतली, तिसरी मात्र निव्वळ स्वतःसाठी. चौथीला रश्शात पाव बुडवला. "चार वर्षं मी कशाला तोंड शिवून बसले होते गं," असं म्हणत त्यांनी वाडगं चक्क आपल्याकडे ओढलं.

"आई! मला ठेवा की!" सून पुढे सरसावली. "भूक लागलीय मला."

मावशींना भरल्या तोंडानंच हुंदका फुटला. त्यांनी वाडगं तिच्या पुढ्यात सारलं.