बाबांची चाल

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या दिवशी नाटकात विनोदी नटाने बाबांच्या चालीवर आमच्या जातीचं नाव म्हटलं. लोक हसले. वन्स मोअर आला. बाबांनी पुन्हा सूर दिला.

आमच्याकडच्या नाटकांत वन्स मोअर आला की आधी पेटी वाजते, मग नट तोंड उघडतो. पेटी थांबली तर गाणं थांबतं. बाबा पेटीमास्तर होते. पावसाळ्यात दुसऱ्यांच्या भाताच्या बांधीत राबायचे आणि भात निघाला की वडशाच्या एका नाटक कंपनीबरोबर गावोगाव जायचे. ती चाल त्यांनी त्या वर्षी चिखलणीच्या दिवसांत जुळवली होती. संध्याकाळी हातपाय धुऊन पेटीवर बसवून पाहायचे. आईला विचारायचे, "बरोबर लागते का?" आई म्हणायची, "मले का समजते? पण काम करता करता तोंडात येते."

गाण्याच्या मूळ ओळींत ते नाव नव्हतं. नटाने ते ऐन वेळी घातलं, आळशी नवऱ्याला बायकोने द्यायची शिवी म्हणून. धम्म घेतल्यापासून आमच्या घरात ते नाव कोणी उच्चारत नसे. गावात ते होतंच, हाकेत, भांडणात. इथेही मी ते लिहीत नाही.

मी तेव्हा चंद्रपूरला कॉलेजात होते आणि मंडईसाठी घरी आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नट आमच्या ओसरीवर चहाला आला. मनाने वाईट नव्हता. बाबांच्या शेजारी बसला, त्यांच्याच बंडलातली बिडी घेतली.

"मास्तर, तोंड काऊन उतरलं? तुमची चाल तं गाजली."

"तो शब्द काढून टाका, भाऊ."

"कोणता?" मग त्याच्या लक्षात आलं. "अरे तो? तो का शिवी आहे का जी? नावच आहे. माझी आजी तसंच म्हणे."

"तुमची आजी म्हणे, म्हणूनच म्हणतो."

"पब्लिक तिथंच हासते, मास्तर. तो काढला तं गाण्यात राह्यलं का?"

"चाल राह्यली."

"चालीले कोन हासते जी?" असं म्हणून तो स्वतःच हसला, चहा संपवला आणि आईला म्हणाला, "बाई, चहा मस्त होता."

बाबांनी कंपनीच्या मालकालाही सांगितलं. तो म्हणाला, पाहू. हंगाम संपेपर्यंत तो पाहतच राहिला. बाबा तेवढा हंगाम वाजवत राहिले, कारण मध्येच दुसरा मास्तर कुठून आणायचा, आणि कंपनीतली बाकीची माणसं काय खाणार, असं ते म्हणत. प्रत्येक गावात तो शब्द येण्याआधी सूर त्यांनाच द्यावा लागे.

कोणीतरी कर्ण्यासमोर टेपरेकॉर्डर धरून ते गाणं भरून घेतलं होतं. उन्हाळ्यात ते लग्नांत वाजू लागलं, मूल गावच्या स्टँडवरच्या चहाटपरीवर वाजू लागलं. भाताच्या रोवणीला आई दुसऱ्यांच्या बांधीत गेली, तर तिथे बायका तेच म्हणत होत्या. त्या शब्दापाशी आल्या की काहींचा आवाज खाली जाई. एकीने आईला समजावलं, "तुमच्यासाठी नाई म्हणत जी, बाई. गाणंच तसं आहे." आई म्हणाली, "हो." घरी येऊन तिने हे बाबांना सांगितलं. भांडणातली शिवी भांडणाबरोबर संपते, असं मला तोवर वाटायचं. ही कोणाच्या रागातून आली नव्हती. ती आपसूक ओठांवर येत होती, आणि आणणारी चाल आमच्या ओसरीवर बसवलेली होती.

बाबांनी एक उपाय केला. त्याच चालीवर नवे शब्द लिहिले, शाळेत जाणाऱ्या मुलींबद्दल, साधेच. विहारात पौर्णिमेला ते पेटी घेऊन बसले. लोक मन लावून ऐकत होते. चाल त्या जागेवर आली तेव्हा पुढे बसलेल्या आमच्याच वस्तीतल्या एका लहानग्या मुलीने जुना शब्द मोठ्याने म्हटला आणि हसली. लग्नात सगळे तिथे हसत, म्हणून तीही हसली. तो शब्द आपल्यासाठी आहे, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. सांगणार तरी कसं?

तिच्या आईने हात उगारला. बाबा म्हणाले, "मारू नका जी तिले. तिनं बरोबर जागी म्हटलं." मग त्यांनी भाता बंद केला.

त्यानंतर ते कंपनीबरोबर गेले, दुसऱ्या चाली वाजवल्या. ही चाल त्यांनी पुन्हा वाजवली नाही, आणि नवीन एकही बांधली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बांधून कोनाच्या हाती देऊ?"

बाबा गेल्या वर्षी वारले. आमच्या भागातल्या बँडवाल्यांना ती चाल अजून येते. लग्नात ते ती शब्दांशिवाय वाजवतात आणि म्हातारी माणसं त्या जागी हसतात. चाल कोणी बांधली, हे त्यांना माहीत नाही. आई आणि मी, आम्हा दोघींना माहीत आहे.