तार तुटली

प्रयोगशाळेत तिला सगळे तारमावशी म्हणत. बशीतल्या जंतूंच्या ओल्या, चकचकीत ठिपक्याला काडी लावून ती हलकेच वर उचलायची आणि पाकासारखी लांब तार निघायची. तार निघाली की समजायचं, जंतूंच्या अंगावरचं साखरेचं पांघरूण शाबूत आहे. हे पांघरूण विणतात एन्झाइम्स, साखरेला साखर जोडत नेणारे कारागीर. त्यातली पहिली साखर कोण जोडतं, तिथेच प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांचं घोडं वर्षानुवर्षं अडलं होतं.

बर्फात जपून ठेवलेलं या जंतूंचं बियाणं फ्रीज बंद पडून मागेच वाया गेलं होतं. तेव्हापासून बिनखिडकीच्या खोलीत बसून मावशी जंतू जिवंत राहावेत म्हणून ते जुन्या बशीतून ताज्या बशीत उतरवत राहायची. मोठ्या, कोरड्या ठिपक्याला हात लावायचा नाही. पांघरुणाचं ओझं टाकलेले जंतूच असे फोफावतात. हे तिने कितीजणांना शिकवलं! ते शिकून उडून गेले, मावशी तिथेच.

आता दुसऱ्या शहरात लेकीचे दिवस भरत आले होते. तिथेही संस्थेची शाखा होती. मावशीने बदली मागितली.

"बाई, तार आहे तोवर तुम्हाला कसं सोडू?" सर इतकं गोड बोलले की भांडताही येईना.

'आहे तोवर' हा किडा मावशीच्या डोक्यात वळवळत राहिला. शेवटी तिने मोठा, कोरडा ठिपका उचलला. पुढच्या बशीतही तोच. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. लाज वाटत होती, पण लेकीजवळ जायचंच होतं.

सरांनी काडी लावली. तार नाही. चेहरा पडला, बशी तपासणीला गेली आणि मावशीचा बदलीचा अर्ज पुढे. मावशीने घरी बॅग भरायला घेतली.

निकाल आला तसे सर धावतच आत आले. "बाई, यात एकच एन्झाइम मोडलंय आणि पांघरूण सुरूच होत नाही! पहिली साखर जोडणारा सापडला! आता ही बशी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही. तुमचा अर्ज परत मागवलाय मी."

"पण सर, माझी लेक..."

"अहो, बाळ काय, होईलच की!"

झालं! करायला गेली एक आणि झालं भलतंच. बाहेर टाळ्या वाजत होत्या, तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"आई, निघालीस ना?"

"तार तुटली गं."

"कसली तार? तू कधी येतेस ते सांग."

मावशीने फोन खांद्याशी धरला आणि नवी बशी पुढे ओढली.