खलनायक मेला की उठायचं

आमच्या मालवणच्या माणसांना सिनेमा कसा बघायचा, हे कोणी शिकवलंच नव्हतं. सगळी दशावतार बघत मोठी झालेली माणसं. दशावतारात राक्षस मारला गेला की खेळ खलास. मग चटया गुंडाळायच्या, पोरं खांद्यावर टाकायची आणि घरची वाट धरायची. तंबूतल्या सिनेमालाही त्यांनी तोच कायदा लावला आणि त्या दिवाळीच्या सुट्टीत मला अगदी जेरीस आणलं.

साठ-एकसष्ट साल असेल. मी कोल्हापुरात कॉलेजात होतो. सुट्टीला घरी आलो तर भात कापलेल्या मळ्यात टुरिंग टॉकीजचा तंबू उभा, आणि त्यात लागलेला सिनेमा मी कोल्हापुरात बघून आलेला. हिंदी, सूडाचा. सगळा काळोख आणि भिंतीवरच्या सावल्या. एक जमीनदार नायकाच्या बापाला मारतो, आणि मुलगा मोठा होऊन त्याचा सूड घेतो.

हा सिनेमा दादाने बघावा आणि शेवटपर्यंत बघावा, असा मी ध्यासच घेतला. कारण आमच्या घरात तेव्हा दुसरं काय चाललं होतं? चुलत्याने हद्दीचा दगडी गडगा सरकवून आमचे माड आपल्या आवारात घेतले होते. कोर्टाचे खेटे घालता घालता बाबा गेले. गेले ते छातीत कळ येऊन, पण आईच्या लेखी त्यांना दिरानेच मारलं होतं. तिन्हीसांजेला देवाकडे दिवा लावून झाला की ती दादाला ऐकवायची, "तुझ्या बापाशीक खाल्ल्यान तेनी. इसरू नको." आणि दादा म्हणायचा, "एक दिवस तोडतलंय तेका." पूर्वी मी हे नुसतं बोलणं समजायचो. पण त्या सुट्टीत चुलता बाजाराला कधी जातो, कुठल्या पाणंदीने एकटा परततो, हे दादा बारकाईने सांगायला लागला, आणि मला अन्न गोड लागेना.

पहिल्या दिवशी मी त्याला ओढूनच नेलं. सिनेमा सुरू होण्याआधी आमच्या वाडीतले एक आजोबा, मुंबईच्या गिरणीत जन्म काढलेले, उभे राहिले आणि त्यांनी चक्क गाऱ्हाणं घातलं. देवळात घालतात तसं. "बा देवा म्हाराजा, ह्या झिलाच्या बापाशीक ज्येनी मारल्यान, तेचा वाटोळा कर रे म्हाराजा!" अख्खा तंबू ओरडला, "व्हय म्हाराजा!" पडद्यावर तो मुलगा सोडाच, अजून नावांच्या पाट्यासुद्धा आल्या नव्हत्या. पण बहुतेकांनी सिनेमा आधी बघितला होता, त्यामुळे कोणाचं वाटोळं करायचं हे सगळ्यांना ठाऊक.

हिंदी काय ती आजोबांनाच येते, असा सर्वांचा समज. म्हणून प्रत्येक वाक्याचा अर्थ ते मोठ्याने सांगत, तोवर पुढची दोन वाक्यं निघून जात. जमीनदार दाराआड लपला की बायका नायकाला बजावत, "अरे मेल्या, दाराच्या पाठसून आसा तो!" नायक ऐकत नसे, तेव्हा त्याच्यावरच चिडत. हेही मी सोसलं. पण जमीनदार एकदाचा कड्यावरून कोसळला आणि तंबूच्या तंबू उठला. कंदील पेटले, चपलांची शोधाशोध, पोरांना हाका. पडद्यावर नायकाला बेड्या पडत होत्या आणि त्यांच्यावर नाचत होत्या आमच्या गावकऱ्यांच्या डोक्यांच्या सावल्या. मी दादाचा सदरा धरला.

"बस, अजून आसा."

"काय आसा? मेलो मां तो?" हात झटकून, शीळ घालत तो निघून गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

दुसऱ्या खेपेला तर माणसं उठताच यंत्रच बंद झालं. मी तंबूच्या मालकाशी भांडायला गेलो. तो घाटावरचा, शांत माणूस. म्हणाला, "लोक चालते झाल्यावर मी यंत्राच्या दिव्यातला कार्बन कोणासाठी जाळू? बसणारं माणूस आणा, मी रीळ लावतो."

बसणारं माणूस आमच्या घरातच होतं. आईचे गुडघे असे धरलेले, की एकदा भुईवर बसली की दादाने उचलल्याशिवाय तिला उठता येत नसे. तिला सिनेमाचं वावडं होतं, पण बापाचा सूड घेणाऱ्या मुलाची गोष्ट आहे म्हटल्यावर लगेच तयार झाली. बायकांची बाजू दोर बांधून वेगळी केलेली असे. ती दोराच्या अलीकडे आणि आम्ही दोघे पलीकडे, असे बसलो. गाऱ्हाण्याला सगळ्यात मोठा "व्हय म्हाराजा" तिचा होता. जमीनदार मेला तेव्हा तिने हात जोडले.

माणसं उठली. दादा तिला उचलायला वाकला तर ती म्हणाली, "गर्दी जावंदे आधी. चेंगरतत माका." मी मालकाला हाताने खूण केली. यंत्र चालू राहिलं. दादा कुरकुरत खाली बसला. आजोबाही अर्थ सांगायच्या सवयीने मागे रेंगाळले. पडद्यावर तुरुंगाचं मोठं दार, आणि बाहेर नायकाची आई जेवणाचा डबा घेऊन उभी. शिपाई मान हलवतो. ती दाराशी दगडावर बसते.

"तेका सोडतत मां?" आईने मला विचारलं.

"नाय गो. सकाळीच फाशी दिली तेका."

"आणि तिका कोणी सांगूक नाय?"

पडदा पांढरा झाला. दादा म्हणाला, "शेवट वायट केल्यानी. जमीनदार मेलो थंयच संपवूक होयो होतो." मी कपाळावर हात मारला. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला, तो कोरडाच!

घरी आलो. जेवणं वाढायला घेतली तोच गडग्यापलीकडून चुलत्याचा खोकला ऐकू आला. दादा नेहमीसारखा म्हणाला, "खोकता आसा बघ. एक दिवस तोडतलंय तेका." आणि त्याने आईकडे पाहिलं.

आईने भाताचं भांडं खाली ठेवलं.

"तू तोडतलंस. आणि मी डबो घेवन खंय उभी रवतलंय, ता सांग आधी."

आईने त्याच्या ताटात भात वाढला, आणि तो खाली मान घालून जेवू लागला.