इनासकाकांचं लाल ब्लँकेट

इनासकाका. वसईजवळच्या सांडोरचे इनास मिस्त्री. आधी हे नाव लिहिते, मग बाकीचं. मी घाबरट बाई आहे, घाबरले की मुद्द्याचं राहून जातं, आणि हे नाव राहून जाता कामा नये. सातवीत शाळा सुटलेल्या, सोलापूरकडच्या खेड्यातून नवऱ्याच्या मागे विरारच्या फुलपाड्यात आलेल्या माझ्यासारखीला त्यांनी काम शिकवलं, परक्या देशात नेलं, आणि तिथे माझ्या हातून झालेली चूक स्वतःच्या डोक्यावर घेतली. आता ते नाहीत.

पाच आठवडे झाले. गोखिवऱ्याला एका शेडचं प्लास्टर चाललं होतं, मी परांचीवर होते. फोन आला रोजाकाकीचा, म्हणजे काकांच्या बायकोचा. ती मला कधी फोन करत नाही, त्यामुळे नाव बघूनच मी हातातली थापी खाली ठेवली. "बाय, तू वर असशील तर आधी खाली उतर," ती म्हणाली. "खालीच आहे काकी," मी बांबूला मिठी मारून खोटं बोलले. "हे गेले गं. सकाळी केळींना पाणी सोडायला गेले, बांधावर बसले ते उठलेच नाहीत..." मला आधी रडू नाही आलं. आधी भीतीच आली, आणि कसली ते सांगायला लाज वाटते. मनात आलं, आता पट्ट्याचं कुणाला विचारायचं?

तो सिमेंटचा पट्टा नेपाळमध्ये आहे, डोंगरातल्या दिलमाया नावाच्या बाईच्या घरात. पण तिथवर जायच्या आधी काका कसे भेटले ते सांगायला हवं. एका इमारतीच्या कामावर मी पाणी मारायला होते. नव्या सिमेंटला आठ-दहा दिवस ओलं ठेवावं लागतं, नाहीतर ते तडकतं. पण हे काम कुणाला काम वाटत नाही. पाइप धरून उभं राहायचं, त्यात काय. मी मात्र भीतीनेच दिवसातून चार वेळा मारायचे, कुठे कोरडं राहिलं आणि माझ्यावर आलं तर? काकांनी एकदा वर येऊन स्लॅबवर अंथरलेली गोणपाटं हाताने दाबून पाहिली. मला वाटलं, आता काढून टाकणार. ते म्हणाले, "ही कुणाची बाई? हिला मी नेतो." त्यानंतर अकरा वर्षं मी त्यांच्याच कामांवर होते. भिंत ओळंब्यात आहे की नाही, रेती खारी आहे की नाही, सगळं त्यांनीच शिकवलं. "सिमेंटला तहान लागते बाय," असं म्हणायचे, "ते बोलत नाही म्हणून आपण विसरायचं नाही." मी नाही विसरले. तीच चूक झाली.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळी झाल्यावर, त्यांच्या चर्चच्या ओळखीने एक गट नेपाळला निघाला. भूकंपात घर गेलेल्या एका कुटुंबाला आपल्या हातांनी घर बांधून द्यायचं. बहुतेक कॉलेजची मुलं आणि दोन शिक्षिका. काका म्हणाले, "फोटो काढायला पुष्कळ जण येतायत. मला एक पाणी मारणारी पाहिजे." माझा नवरा दत्तू हसला, म्हणाला, "ही? ही विरारहून वसईला जाताना दोनदा देवाचं नाव घेते." खरं होतं ते. काका म्हणाले, "घाबरते म्हणूनच नेतो. न घाबरणाऱ्यांनी बिघडवलेली कामं मी आयुष्यभर दुरुस्त केली आहेत."

गोरखपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे बस. सरहद्दीवर शिपायाने माझं मतदार कार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं तेव्हा मी श्वास रोखून उभी राहिले. कार्डावरचा फोटो माझ्यासारखा दिसत नाही, हे मला माहीत होतं. काका मागून म्हणाले, "श्वास घे, नाहीतर फोटोपेक्षा वाईट दिसशील." पुढचा डोंगरातला रस्ता मी डोळे मिटूनच काढला.

दिलमायाचं जुनं घर म्हणजे दगडांचा ढीग होता, त्यात तिची सासू गेली होती. ती, तिचा नवरा आणि दोन मुली पत्र्याच्या खोलीत राहायचे. दुसऱ्याच दिवशी आम्ही जेवत असताना पत्रे वाजले. मला वाटलं वारा आला. पण त्या दोन्ही मुली ताटावरून उठून अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. सहा आणि नऊ वर्षांच्या. पायात चपला होत्या. जेवतानाही, झोपतानाही त्या चपला काढत नसत, हे मला तेव्हा कळलं. जमीन जरा हलली आणि थांबली. माझ्या हातातला घास तसाच राहिला. त्या दिवसापासून मला एकच दिसायचं, आपण बांधतोय त्याच्याखाली या दोघी झोपणार आहेत.

दगडी भिंती दारांच्या वर गेल्या की चारी बाजूंनी सळया टाकून सिमेंटचा एक अखंड पट्टा भरायचा, असा तिथला नियम. जमीन हलली तर तो पट्टा भिंतींना कवळून धरतो. पाणी खालच्या झऱ्यावरून यायचं, चढायला तास लागायचा. दिलमाया कपाळाला दोर लावून पाठीवरच्या टोपलीत कॅन आणायची. पट्टा भरून झाला तेव्हा दुपार उलटली होती. काका लगेच हे काम चालवणाऱ्या संस्थेच्या इंजिनिअरांबरोबर खालच्या गावात सामान बघायला गेले, संध्याकाळपर्यंत येतो म्हणाले. पण त्यांचा गुडघा धरला आणि ते खालीच राहिले. इकडे ऊन गेलं. माझा जीव राहीना. वसईत नवं काम कोरडं ठेवून कुणी घरी जातं का? मी गोणपाटं भिजवली, पट्ट्यावर अंथरली, वर आणखी तीन कॅन ओतले. दिलमायाचं दुसऱ्या दिवसाचं पाणीही त्यात गेलं. हात गारठून लाल झाले होते, पण मनात समाधान होतं... काका बघतील तर खूश होतील.

सकाळी गोणपाटं पुठ्ठ्यासारखी ताठ झाली होती. उचलली तर कडकडली. खाली सिमेंटवर पांढरी साय धरली होती. सावलीच्या बाजूला मी नख लावलं, आणि नखाखाली ते पिठासारखं सुटलं. आमच्या वसईत पाणी गोठतं हे मी फक्त फ्रिजमध्ये पाहिलेलं. कोवळ्या सिमेंटमधलं पाणी गोठलं की ते आतून भुसभुशीत होतं, हे मला कोण सांगणार? मला वाटलं, पळून जावं. पण जाणार कुठे, मला तर बस कुठून सुटते तेही माहीत नव्हतं. भिंतीच्या मागे जाऊन बसले. गोणपाट परत टाकून ठेवावं, कुणाला कळणार नाही, असंही मनात आलं. हे लिहिताना अजून हात थांबतो.

काका लंगडत वर आले, माझं तोंड बघूनच पट्ट्याकडे गेले. मागोमाग इंजिनिअर. त्यांनी खरवडून पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "पानी किसने मारा?" काका म्हणाले, "मेरे आदमी ने मारा, मतलब मैंने मारा. थंडी में ढकना है, भिगोना नहीं, ये मुझे बोल के जाना चाहिए था." इंजिनिअर त्यांना बरंच बोलले. चाळीस वर्षं मिस्त्रीकाम केलेला माणूस मान खाली घालून ऐकत होता आणि मी उभी होते.

ते गेल्यावर काका माझ्याजवळ आले. मी म्हटलं, "काका, तुम्ही कशाला..." त्यांनी हात वर केला. "साहेबाला मी सांगितलं. पण त्या बाईला तू सांगायचं. तिच्या पोरी झोपणार आहेत."

इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही, बाळंतपणातही नाही. दिलमाया रिकामे कॅन घेऊन निघाली होती. मी माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. पाणी मी ओतलं, तुझं पाणी होतं, पट्टा खराब झाला, फोडायला लागेल. पट्ट्याशी गेली, तिनेही नख लावून पाहिलं. मग आतून हातोडा आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "अच्छा हुआ बोल दिया दिदी. पहले वाले घर में किसी ने नहीं बोला था."

सावलीची पूर्ण बाजू सळयांपर्यंत आम्ही फोडली, तिने आणि मी. दिलमाया आणि तिचा नवरा पुन्हा पाणी घेऊन आले. तिसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात नवा माल भरला, आणि काकांनी वर कोरडा पेंढा, त्यावर प्लास्टिक घातलं. एका कोपऱ्याला प्लास्टिक पुरेना. काका आत गेले आणि आपलं लाल ब्लँकेट घेऊन आले. मी म्हटलं, "आणि तुम्ही काय पांघराल?" "मी म्हातारा, पक्का झालोय," ते म्हणाले, "हे कोवळं आहे." घमेल्याच्या काठाला ब्लँकेट लागलं आणि एका टोकाला ओला माल चिकटला. चार दिवस त्यांनी ते तिथून काढू दिलं नाही. स्वेटर घालून, कानाला मफलर बांधून खोकत बसायचे.

छप्पर चढायच्या आधीच आम्हाला परतावं लागलं. पण भीती माझ्याबरोबर आली. नेपाळात जमीन हलल्याची बातमी कधीही आली, कुठल्याही कोपऱ्यातली, की मी काकांना फोन लावायचे. "काका, पट्टा टिकेल ना?" ते एकदाही वैतागले नाहीत. "टिकेल बाय. मी स्वतः भरलाय. जेवलीस का?" एवढंच. मागच्या वर्षी म्हणाले होते, "एकदा जाऊन बघायला पाहिजे गं. दिलमायाने जेवायला बोलावलंय. पण हा गुडघा काही चढू देत नाही."

महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, मी सांडोरला गेले. सगळे गेल्यावर रोजाकाकीने कपाटातून ते लाल ब्लँकेट काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "किती वेळा धुतलं, डाग जात नाही. फेकूही देत नव्हते. तू ने," ती म्हणाली. टोकाला तळहाताएवढं सिमेंट धरून बसलंय. आता ते फुलपाड्याला, आमच्या माळ्यावर आहे. परवा पुन्हा तिकडे जमीन हलल्याची बातमी लागली. हात फोनकडे गेला आणि तसाच राहिला. मग मी स्टूल घेतलं, ब्लँकेट खाली काढलं आणि त्या डागावर नख लावलं. त्याच घमेल्यातला माल तो. जोर लावून खरवडलं. नख तुटलं, पण सिमेंटचा कण सुटला नाही.

तरी मला भीती वाटतेच, काका. म्हणून मी जाणार आहे. बस कुठून सुटते ते आता विचारून घेतलंय. दिलमायाकडे तुमच्या वाटणीचं जेवेन, सावलीच्या बाजूला शिडी लावून पट्टा नखाने खरवडून बघेन, आणि परत आले की आधी सांडोरला तुमच्या कबरीपाशी येऊन सांगेन. तुम्ही माझ्यासाठी मान खाली घातलीत, ते मी असंच फेडीन.