पंधराव्या शास्त्रज्ञासाठी दुबईला

आगबोट दुबईच्या किनाऱ्यापासून बरीच लांब थांबली आणि आम्हाला शिडीवरून होडीत उतरवण्यात आलं. उतरवण्यात आलं म्हणजे खालच्या खलाशाने माझा पाय धरला, वरच्याने कॉलर धरली आणि मधला मी कोणाच्याच ताब्यात नव्हतो. चार दिवस बोट लागून पोटात काही उरलं नव्हतं, म्हणून अब्रू तरी वाचली. समोर वाळू, मातीच्या रंगाची घरं आणि मे महिन्याचं ऊन. मे महिन्यात आखाताकडे जाणारा माणूस एकतर तिथला असतो, नाहीतर शाळामास्तर. आम्हाला सुट्टी तेव्हाच असते.

येण्याचं कारण सांगायला हवं. पुण्याच्या एका प्रकाशकासाठी मी मुलांकरिता थोर शास्त्रज्ञांच्या चरित्रपुस्तिका लिहीत असे. तोवर चौदा झाल्या होत्या. चौदाही जण गरिबीत जन्मले, रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकले आणि आईच्या एका वाक्याने पेटून उठले. खरं सांगायचं तर त्या चौदा जणांना मिळून एकच आई होती आणि ती माझ्या टेबलावर जन्मली होती. जिवंत शास्त्रज्ञ मी बापजन्मी पाहिला नव्हता.

अशात दुबईहून हसनमियाँचं पत्र आलं. हे हर्णैचे, माझ्या वडिलांच्या हाताखाली शिकलेले, आता तेल शोधणाऱ्यांच्या कॅम्पला कांदे-बटाटे पुरवणारे. त्यांनी लिहिलं होतं, 'कॅम्पात एक चिनी डॉक्टर हाय. औषध देत नाय. जमिनीचा वजन करतो. विलायतेच्या पुस्तकांत त्याचा नाव हाय.' प्रकाशक हरखले. "जिवंत शास्त्रज्ञ! जा तुम्ही. फक्त मुखपृष्ठावर 'चिनी' नको." चीनशी युद्ध होऊन फार दिवस झाले नव्हते. कल्पना त्यांची, तिकीट माझं.

"या मास्तर, या! बोट लागली काय?" धक्क्यावर हसनमियाँनी मला मिठीच मारली. अब्रात (खाडी ओलांडायची होडी) बसवून त्यांनी मला घरी नेलं. घराला बारजील होतं (वारा पकडून खोलीत सोडणारा मनोरा). त्याखाली बसून सुरमईचं कालवण आणि खुबूस (तंदूरमधली जाड रोटी) खाल्ल्यावर मी पुन्हा माणसांत आलो. गाढवाच्या पाठीवरून पिण्याचं पाणी दारात येत होतं आणि त्याच पाण्यात हसनमियाँ मला दिवसातून तीनदा आंघोळ करा म्हणत होते. कोकणी आतिथ्य वाळवंटातही आटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लँड रोव्हरमध्ये कांद्याची पोती आणि मी असे दोघे भरले गेलो. रस्ता नव्हताच. समुद्राच्या कडेकडेने अजमान मागे टाकलं आणि सब्ख्यात (वरून टणक, आतून चिखल अशी खारी जमीन) चाकं रुतली. पोती रिकामी करून ती चाकांखाली घालावी लागली. कांदे वाळूत पसरले आणि एक बकरी कुठूनशी उगवून ते खाऊ लागली.

"खलास!" हसनमियाँ कपाळाला हात लावून म्हणाले. "मास्तर, तुमच्या शास्त्रज्ञाच्या पायी माझा सप्लाय बकरीच्या पोटात गेला."

कॅम्पात पोचलो तेव्हा ते चिनी डॉक्टर, डॉक्टर लू, तंबूबाहेर छत्रीखाली उकिडवे बसून थर्मासएवढ्या यंत्रात डोकावत होते. साठीचे, किडकिडीत, अर्ध्या चड्डीतले. "पाय आपटू नका," हे त्यांचं स्वागत. यंत्रात केसासारखी बारीक स्प्रिंग होती आणि तिला इवलंसं वजन टांगलेलं. खाली खडक हलका असेल तर वजन किंचित कमी ओढलं जातं आणि त्यावरून जमिनीखाली काय दडलंय ते कळतं. असं यंत्र काखेत घेऊन हिंडण्याजोगं करणारे पहिले जे दोन-चार लोक, त्यांतले हे एक. चीनमधून इंग्लंडला गेले, प्राध्यापक झाले, आणि या वयात खोलीत बसवेना म्हणून इथे आले.

मी वही उघडली. इंग्रजी माझं शाळेपुरतं, त्यांचं खोकल्यासकट.

"आपण रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केलात?"

"आमच्या गावाला रस्ता नव्हता."

"गरिबी?"

"वडिलांच्या तीन गिरण्या होत्या."

"आईचं एखादं प्रेरणादायी वाक्य?"

त्यांनी बराच विचार केला. "जेवायला ये, असं म्हणायची."

माझं पंधरावं पुस्तक डोळ्यांदेखत मरत होतं. हसनमियाँना दया आली. "डॉक्टरसाब, कुछ तो बोलो. मास्तर इतने दूर से आया है."

डॉक्टरांनी यंत्रावर फडकं टाकलं. मग ते जे बोलले ते माझ्या यादीत नव्हतं. तरुणपणी त्यांच्या यंत्राचे आकडे रोज बदलत. स्प्रिंग वाईट म्हणून त्यांनी तीन मोडून टाकल्या. चौथी मोडायला निघाले तेव्हा धाकट्या बहिणीने हात धरला. ती मण्यांच्या पाटीवर त्यांचे हिशेब करायची, शाळेत मात्र गेली नव्हती. ती म्हणाली, स्प्रिंग बरोबर आहे, चंद्र हलतोय. चंद्राची ओढ जगाला ठाऊकच होती, पण आपल्या यंत्रालाही ती कळते, हे तिला एकटीला कळलं. चंद्रामुळे आकड्यांत किती फरक पडतो त्याचे तक्ते तिने वर्षभर खपून केले. निबंध छापून आला तो एकट्या डॉक्टरांच्या नावाने. पदवी नसलेल्या मुलीचं नाव संपादकांना नको होतं.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"माझी इंग्लंडची बोट दोन दिवसांत सुटणार होती. मी गप्प बसलो." त्यांनी चष्मा काढला. "ती आईपाशी राहिली. पुढे पत्रं बंद झाली. असेल की नाही, ठाऊक नाही. पुस्तकात माझं काही लिहू नका. तिचं नाव छापा. कुठल्याही लिपीत चालेल."

मी वहीत देवनागरीत लिहिलं, लू शूफेन. त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, तेव्हा नाव खाली पुन्हा लिहून तेवढा कागद मी त्यांना फाडून दिला. माझ्या चौदा पुस्तिकांत एकही बहीण नव्हती, हे मला तेव्हा आठवलं आणि मनापासून लाज वाटली.

"छापू," मी म्हणालो.

"इन्शाल्ला," हसनमियाँ हळूच म्हणाले. त्यांना प्रकाशक ठाऊक नव्हते, पण दुनिया ठाऊक होती.

परतीच्या बोटीवर मी सारं खरंखरं लिहून काढलं. पुण्यात प्रकाशकांनी ते वाचलं आणि चहा मागवला, तेव्हाच मी ओळखलं. गिरण्या गेल्या, गरिबी आली. बहीण गेली, आई आली. "बत्तीस पानांत दोन थोर माणसं मावत नाहीत हो," ते म्हणाले. मी भांडलो, मग शब्द दिलाय म्हणून विनवण्या केल्या. त्यांनी दुसरा चहा मागवला.

शेवटच्या पानावर स्वाध्याय असतो. तो प्रकाशकच काय, मीही कधी वाचत नसे. छपाईला जाण्याआधी मी तिथे एक प्रश्न वाढवला. 'रिकामी जागा भरा : डॉ. लू यांच्या यंत्राचे तक्ते त्यांची बहीण ______ हिने तयार केले.'

पुस्तक शाळांत गेलं आणि शिक्षकांची पत्रं येऊ लागली. उत्तर पुस्तकात नाही, मुलं विचारतात, वर्गात आमची शोभा होते. माझं एवढं बारकाईने याआधी कोणी वाचलं नव्हतं. दूर कशाला जा, मीसुद्धा नाही. प्रत्येकाला मी कार्ड टाकलं, 'चूक आमची. उत्तर : लू शूफेन.' प्रकाशकांना कळलं तेव्हा त्यांनी मालिका दुसऱ्याकडे दिली. सोळावा शास्त्रज्ञ मला मिळाला नाही, आणि खोटं कशाला बोलू, त्याचं वाईट वाटलं.

शिरूरच्या एका बाईंनी उलट टपाली तपासलेली उत्तरपत्रिकाच धाडली. चौथीतल्या मुलीचं गोल अक्षर, रिकाम्या जागेत नाव आणि त्यापुढे लाल शाईची खूण. ती मी दुबईला पाठवली. दोन महिन्यांनी हसनमियाँचं पत्र आलं :

'डॉक्टरला कागद दिला. नाव त्याने ओळखला, तुम्ही लिहिलेला त्याच्या पाकिटात हाय. मग विचारला, ही लाल खूण कशाची? मी बोललो, बरोबर उत्तराची.'